जून ते ऑगस्टचे गमतीदार दिनविशेष: हीच तारीख का, हे आधी विचारा

प्रश्न असा आहे: 'बालवाचनालयाच्या फलकावर जून ते ऑगस्ट रोज एक गमतीदार दिनविशेष लिहायचा आहे. याद्या भरपूर सापडतात, पण एकेका तारखेला पाच-सहा दिन दिलेले असतात आणि दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. यातले खरे कोणते? निवड कशी करायची?'

अठरा वर्षं मी दिनविशेषाचं सदर लिहितो आहे, त्यामुळे या प्रश्नाशी रोजचीच गाठ आहे. आधी 'खरा दिन' म्हणजे काय ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. जगातले सगळे दिन नोंदवून त्यावर शिक्का मारणारं एकही कार्यालय नाही. काही दिन संयुक्त राष्ट्रांची आमसभा ठराव करून ठरवते. काही एखाद्या देशाच्या कायद्याने ठरतात. काही एखादी संघटना किंवा कंपनी सुरू करते आणि काही तर एकटा माणूस घरात बसून ठरवतो. चौघांपैकी कोणाचाही दिन फलकावर चालतो. मात्र तो कोणी, कधी आणि याच तारखेला का ठरवला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नोंद बहुधा आपोआप रंगते. ते मिळालंच नाही तर मी तो दिन सोडून देतो, मग नाव कितीही मजेदार असो.

बहुतेक याद्या अमेरिकेत तयार होतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. या याद्यांचा एक मोठा जुना स्रोत म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंट गावात विल्यम आणि हॅरिसन चेस या भावांनी 1957 साली सुरू केलेलं वार्षिक पुस्तक, 'चेसेस कॅलेंडर ऑफ इव्हेंट्स'. कोणत्या दिवशी काय आहे ते पत्रकारांना, ग्रंथपालांना एका जागी मिळावं, असा त्याचा उपयोग. त्यात जागतिक परिषदेच्या शेजारी एखाद्या हौशी माणसाने काढलेला दिनही असतो. तिथे नाव आलं म्हणजे कोणा सरकारने मान्यता दिली, असा अर्थ होत नाही. पुढे इंटरनेट आलं, याद्यांवरून याद्या उतरवल्या गेल्या आणि या नोंदींचं 'कोणी' आणि 'का' वाटेत गळून पडलं. काही संकेतस्थळं तर पैसे घेऊन दिन नोंदवतात. म्हणून 'राष्ट्रीय दिन' असा शब्द दिसला की कोणत्या राष्ट्राने आणि कोणत्या कागदावर, हे शोधायची सवय लावून घ्या.

कागद असला तरी तो नीट वाचावा लागतो. आइस्क्रीम दिनाचंच घ्या. 'अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जुलैचा तिसरा रविवार आइस्क्रीम दिन म्हणून जाहीर केला' असं वाक्य सगळीकडे सापडतं. मूळ घोषणापत्र 9 जुलै 1984 चं आहे. त्यात जुलै 1984 हा महिना आणि 15 जुलै 1984 हा दिवस, एवढंच म्हटलं आहे. 15 जुलै त्या वर्षी तिसरा रविवार होता. 'दरवर्षी' हा शब्द त्यात नाही. पुढची सगळी वर्षं लोकांनी आणि आइस्क्रीमवाल्यांनी आपणहून चालवली. घोषणेमागचं कारणही त्याच कागदात आहे: अमेरिकेतल्या दुधापैकी जवळजवळ 10 टक्के दूध आइस्क्रीमला लागतं, असं ते घोषणापत्र सांगतं. म्हणजे मुलांच्या जिभेइतकाच हा दुग्धव्यवसायाचाही दिन होता. मुलांना हे सांगा, त्यांना आवडतं. संसदेत असे ठराव तेव्हा इतके होऊ लागले होते की 1995 च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने नियम बदलून अशी स्मरणदिनांची विधेयकं मांडणंच बंद केलं. त्यानंतरच्या एखाद्या 'नॅशनल' दिनाला अमेरिकी संसदेचा हवाला दिलेला दिसला, तर दुप्पट सावध व्हा.

एकट्या माणसांनी काढलेले दिन कमी दर्जाचे मानू नका. माझ्या सदरातल्या सर्वांत गोड नोंदी याच गटातून आल्या आहेत.

8 ऑगस्टला 'शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून या' असा दिन आहे. झुकिनी ही भोपळ्याच्या कुळातली, काकडीसारखी दिसणारी भाजी. परसात लावली तर ऑगस्टमध्ये ती इतकी फळते की घरचे खाऊन कंटाळतात, वाटून दमतात आणि तरी वेलीखाली नवीन दिसतच राहते. पेनसिल्व्हेनियातले टॉम आणि रुथ रॉय हे दांपत्य असे दिन काढण्यासाठीच ओळखलं जातं, त्यांनी हा काढला. तारीख, कारण आणि माणूस तिन्ही जागेवर आहेत.

17 जुलैचा इमोजी दिन त्याहून सुबक आहे. ॲपलच्या फोनमधल्या कॅलेंडरच्या इमोजीवर 17 जुलै ही तारीख छापलेली असते, कारण कंपनीने आपला आयकॅल हा कॅलेंडरचा प्रोग्रॅम 17 जुलै 2002 रोजी जाहीर केला होता. इमोजींचा कोश चालवणाऱ्या जेरेमी बर्ज यांनी 2014 मध्ये तीच तारीख उचलली. मुलांना फोन हातात घेऊन खात्री करून बघता येते. फलकावरच्या फार थोड्या नोंदींबद्दल असं म्हणता येईल.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारचा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर (म्हणजे कार्यालयातले संगणक चालू ठेवणाऱ्या माणसाचा) दिन टेड केकाटोस यांनी सुरू केला, पहिला 28 जुलै 2000 ला झाला. नवे प्रिंटर बसवून दिले म्हणून कर्मचारी आपल्या सिस्टिमवाल्याला फुलं आणि फळांच्या करंड्या देत आहेत, अशी एक जाहिरात त्यांनी मासिकात पाहिली होती. सगळं सुरळीत चालू असलं की ज्याची आठवण कोणाला होत नाही, अशा माणसाचा हा दिवस. मला तो मनापासून आवडतो आणि दरवर्षी मी त्याला जागा देतो.

13 ऑगस्टचा डावखुऱ्यांचा दिन डीन कॅम्पबेल यांनी 1976 मध्ये पहिल्यांदा साजरा केला. त्या वर्षी 13 ऑगस्टला शुक्रवार होता. पाश्चात्त्य समजुतीत 13 तारखेचा शुक्रवार अपशकुनी आणि डावा हातही अपशकुनी, म्हणून ही जोडी मुद्दाम निवडली, असं सांगितलं जातं. इथे माझी एक साधी सवय सांगतो: कोणतीही जुनी तारीख मिळाली की तिचा वार काढून बघायचा. गोष्टीत रविवार असेल आणि हिशेबाने बुधवार निघाला, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं.

आता नापास होणारं उदाहरण. 7 जुलैला चॉकलेट दिन. 'याच दिवशी 1550 साली चॉकलेट युरोपात आलं' हे कारण तुम्हाला जवळपास प्रत्येक यादीत दिसेल. सुरुवातीच्या वर्षांत मीही ते जसंच्या तसं छापलं होतं. एका वाचकाने पोस्टकार्डावर एका ओळीत विचारलं, 'हे कुठे नोंदवलं आहे?' मी आठवडाभर शोधलं. त्या तारखेचा कुठलाही समकालीन कागद मला मिळाला नाही. उलट मिळालं ते असं की 1544 मध्ये डॉमिनिकन धर्मोपदेशकांनी मध्य अमेरिकेतल्या केक्ची माया लोकांचं एक शिष्टमंडळ स्पेनचा राजपुत्र फिलिप याच्या भेटीला नेलं आणि त्यांनी आणलेल्या वस्तूंत फेसाळ चॉकलेट होतं. म्हणजे 1550 च्या आधीच ते राजवाड्यात पोहोचलं होतं. मी दुरुस्ती छापली. तेव्हापासून 'याच दिवशी पहिल्यांदा' अशी सुरुवात असलेलं वाक्य मी आधी बाजूला काढून ठेवतो आणि मगच शोधायला बसतो.

चॉकलेट दिन लिहायचाच असेल तर 'आज अनेक ठिकाणी चॉकलेट दिन साजरा होतो' म्हणा आणि 1544 ची गोष्ट सांगा. तारखेचं खोटं कारण मात्र लिहू नका.

ऐतिहासिक घटनांचे स्मरणदिन हा वेगळा प्रांत आहे. तिथे घटना खरी असते, पण ती नेमकी काय होती आणि कोणत्या तारखेची, यात चुका होतात.

20 ऑगस्ट, जागतिक डास दिन. नावाला मुलं हसतात, आणि मग गोष्ट ऐकून गप्प होतात. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डासांची पोटं सूक्ष्मदर्शकाखाली फाडून बघत होता. महिनोन्‌महिने तो चुकीच्या जातींचे डास तपासत आला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. त्या दिवशी मलेरियाच्या रोग्याचं रक्त प्यायलेल्या, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीवर त्याला रंगद्रव्य असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, याचा तो पुरावा होता. 'हा दिवस डास दिन म्हणून ओळखला जावा', असं रॉसने स्वतःच सुचवलं होतं. असा शोधकर्त्यानेच नाव दिलेला दिन क्वचित सापडतो.

पण 'रॉसने 20 ऑगस्टला डास चावल्याने माणसाला मलेरिया होतो हे सिद्ध केलं' असं लिहू नका. त्या दिवशी अर्धीच वाट सापडली होती. जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जातो आणि तिथून पुढच्या बळीत उतरतो, हे रॉसने पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, कोलकात्यात पक्ष्यांवर दाखवलं. माणसाच्या मलेरियाचं पूर्ण चक्र ॲनाफिलीस डासात त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. रॉसला 1902 चं नोबेल मिळालं. चार ओळींच्या फलकावर एवढं सगळं मावणार नाही, कबूल. तरी 'डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पहिल्यांदा सापडला' एवढं लिहिलंत तर ते खरंही आहे आणि लहानही.

तारखेचा घोळ दोन कारणांनी होतो, वेळेचा विभाग आणि पंचांग. चंद्रावर पाऊल पडलं ते कधी? सगळीकडे 20 जुलै 1969. अपोलो 11 चं यान 20 जुलैला जागतिक वेळेनुसार 20 वाजून 17 मिनिटांनी उतरलं. नील आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते 2 वाजून 56 मिनिटांनी, म्हणजे जागतिक वेळेनुसार 21 जुलै उजाडला होता. अमेरिकेत तेव्हा अजून 20 तारखेची रात्र होती. भारतीय वेळेनुसार यान उतरलं तेव्हाही 21 तारीख लागलेली होती, पहाटेचे 1 वाजून 47 मिनिटं. संयुक्त राष्ट्रांनी 2021 च्या ठरावाने आंतरराष्ट्रीय चंद्रदिन म्हणून 20 जुलै धरला आहे, म्हणून फलकावर 20 च ठेवा. शेजारी भारतीय वेळ दिलीत तर एखादं हुशार मूल तारखेवरून तुमच्याशी भांडायला येईल, आणि ते भांडण व्हायलाच हवं.

30 जूनचा लघुग्रह दिन दुसऱ्या प्रकारचा. 1908 साली सैबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशात प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे 2,000 चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं. रशियात तेव्हा जुनं, ज्युलियन पंचांग चालू होतं. तिथल्या त्या काळच्या कागदांवर 17 जून आहे. विसाव्या शतकात दोन्ही पंचांगांत 13 दिवसांचं अंतर होतं. रशियन घटनेच्या दोन याद्यांत दोन तारखा दिसल्या आणि फरक बरोबर 13 निघाला, तर दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असतात. हा दिन 2016 च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांनीही स्वीकारला आहे.

आणि कधी कधी सगळा ऋतूच बदलतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडलं गेलं त्याची तारीख आपण 24 ऑगस्ट वाचत आलो. ती आली उद्रेक पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखितांतून, आणि त्या हस्तलिखितांत एकवाक्यता नाही. 2018 मध्ये पाँपेईतल्या एका भिंतीवर कोळशाने खरडलेली एक ओळ सापडल्याचं जाहीर झालं. तिच्यावरची तारीख आपल्या हिशेबाने 17 ऑक्टोबर आहे, वर्ष मात्र लिहिलेलं नाही. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, म्हणून ते उद्रेकाच्या थोडंच आधीचं असावं, असा तर्क करून अनेक अभ्यासक ऑक्टोबरकडे झुकले. वाद अजून मिटलेला नाही. मी 24 ऑगस्टला ही नोंद घेतो, पण 'परंपरेने मानली जाणारी तारीख' असे शब्द घालून.

14 जुलैला फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. बास्तील पाडाव, 1789, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या तुरुंगात त्या दिवशी फक्त सात कैदी होते, हे कमी जणांना. आणि 1880 च्या ज्या कायद्याने हा दिवस ठरला त्यात नुसतं '14 जुलै' म्हटलं आहे, वर्ष दिलेलं नाही. कारण बरोबर एका वर्षाने, 14 जुलै 1790 ला, पॅरिसमध्ये राष्ट्रीय ऐक्याचा मोठा शांततामय सोहळा झाला होता. ज्यांना 1789 चा रक्तपात नको होता त्यांनी 1790 आठवायचं, ही सोय ठेवली गेली. अशा एका गाळलेल्या आकड्यासाठी मी कितीही शोधाशोध करायला तयार असतो.

अमेरिकेच्या 4 जुलैचंही असंच. स्वातंत्र्याच्या बाजूने मतदान झालं 2 जुलै 1776 ला, आणि पुढे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिलं की पुढच्या पिढ्या 2 जुलै साजरा करतील. घोषणापत्राचा मसुदा मंजूर झाला 4 तारखेला, आणि बहुतेकांच्या सह्या झाल्या त्या 2 ऑगस्टला. तेच ॲडम्स आणि त्यांचे सहकारी व प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन, दोघेही 4 जुलै 1826 रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, एकाच दिवशी वारले. तारखा तपासताना असा योगायोग समोर आला की मीही पुन्हा एकदा खात्री करून घेतो. हा पक्का आहे.

आता निवडीबद्दल, कारण एकेका तारखेवर गर्दी असतेच. 19 ऑगस्टला फ्रान्सने दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची रीत जगासाठी खुली केली (1839). त्याच तारखेला विमानाच्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल राइट यांचा जन्म झाला (1871), म्हणून अमेरिकेत विमानविद्या दिन असतो. आणि त्याच 19 ऑगस्टला 2003 मध्ये बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर हल्ला होऊन 22 जण मारले गेले. म्हणून तो जागतिक मानवतावादी दिनही आहे. तिन्ही एकाच चौकटीत, एकाच उत्साही सुरात लिहू नका. त्याहून ठळक उदाहरण 6 ऑगस्टचं. अमेरिकी याद्यांत त्या दिवशी आइस्क्रीम घातलेल्या एका पेयाचा दिन आहे. तो हिरोशिमाचा दिवस आहे. 1991 साली याच तारखेला वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची माहिती सार्वजनिक चर्चागटात टाकली, तीही मोठी घटना आहे, पण मी 6 ऑगस्टला हिरोशिमा एकटंच लिहितो. वेबची गोष्ट 5 किंवा 7 तारखेला 'या आठवड्यात' म्हणून जाते आणि कोणाची गैरसोय होत नाही. पेयाला त्या आठवड्यात जागा मिळत नाही.

सरकत्या तारखांची वेगळी वही करा. जूनचा पहिला शुक्रवार डोनट दिन (1938, शिकागो, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या स्त्रियांच्या सन्मानार्थ), जूनचा तिसरा रविवार पितृदिन, त्यानंतरचा शुक्रवार कुत्र्याला कामावर नेण्याचा दिन, जुलैचा शेवटचा शुक्रवार सिस्टिमवाल्यांचा. गेल्या वर्षीची तारीख उतरवली की हे सगळे चुकतात. मैत्रीदिनाचे तर तीन अवतार आहेत: संयुक्त राष्ट्रांचा 30 जुलै, अर्जेंटिनात चंद्रविजयाच्या स्मरणार्थ 20 जुलै आणि भारतात ऑगस्टचा पहिला रविवार. तिन्ही बरोबर, फक्त कोणता लिहिता आहात ते सांगा.

मोजणीत एक चूक फार होते. पहिला योगदिन 21 जून 2015 ला झाला, म्हणून दहावा योगदिन 2024 चा. दहा वर्षं पूर्ण झाली मात्र 2025 मध्ये. 'दहावा' आणि 'दशकपूर्ती' यांत वर्षाचा फरक पडतो. शताब्दीलाही तेच लागू आहे: शताब्दी वर्ष सुरू होतं तेव्हा 99 वर्षंच झालेली असतात.

आणखी एक, तुमच्या फलकासाठी मुद्दाम राखून ठेवलेली. 22 जुलै, पायच्या जवळपासचा दिन. हा पाय म्हणजे गणितातला π, वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. आपण तारीख आधी आणि महिना नंतर लिहितो, त्यामुळे 22/7 आपसूक जमतं; 14 मार्चचा पाय दिन जमण्यासाठी अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहावा लागतो. नाव 'जवळपासचा' असलं तरी 22/7 म्हणजे 3.142857..., आणि खऱ्या पायपासून ते सुमारे 0.00126 दूर आहे. 3.14 मात्र 0.00159 दूर. म्हणजे ज्याला जवळपासचं म्हणतात तेच जास्त जवळ आहे. पाय 22/7 पेक्षा लहान असतो हे आर्किमिडीजने दाखवलं होतं. फलकावर भागाकार मांडून ठेवा आणि उत्तर मुलांना काढू द्या.

एखाद्या दिवशी काहीच मनासारखं मिळालं नाही, तर माणसांनी ठरवलेल्या दिनांऐवजी आकाशाकडे वळा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून वर्षातल्या सर्वांत लांबच्या बिंदूवर असते, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटर; जानेवारीत ते अंतर 14 कोटी 71 लाख असतं. उत्तर गोलार्धात ऐन उन्हाळा मोजला जात असताना सूर्य सर्वांत दूर, हे वाचून मुलं हमखास 'मग उकाडा का?' विचारतात, आणि तुम्हाला पृथ्वीच्या कललेल्या अक्षाची चार वाक्यं लिहायला दुसऱ्या दिवसाचा विषय मिळतो. नेमका दिवस दरवर्षी थोडा पुढेमागे होतो, तेव्हा खडू हातात घेण्याआधी त्या वर्षीचं कोष्टक बघून घ्या.